उलटा पीळ

त्या घराला आईपेक्षा आईची पाठच जास्त ठाऊक होती. उजेड एकाच खिडकीतून यायचा, म्हणून विणायचा माग त्या खिडकीला तोंड करून बसवलेला, आणि मागावर बसलेल्या बाईचं तोंडही मग खिडकीकडेच असणार. घरात कोणी आलं, गेलं, पडलं, भांडलं, तरी दिसायची ती पाठ. खरचटलेला गुडघा घेऊन पोर आत आलं की पाठीला सांगायचं. पाठ म्हणायची, "धुऊन घे आणि फडकं बांध," आणि मागाच्या फणीचा पुढचा ठोका पडायचा. दादा या पाठीशी भांडून भांडून मोठा झाला. धाकटी भांडायची नाही, ती अबोला धरायची. आता पाठीशी अबोला धरून काय उपयोग? पाठीला ते कळतसुद्धा नाही. पण हे सांगणार कोण, आणि त्या वयात ऐकणार कोण?

आता ती पाठही नव्हती. आईला जाऊन अख्खा हिवाळा सरला तेव्हा दादाचा फोन आला.

"सुतार बोलावलाय. महिनाअखेरीला माग सोडवून काढतो. खोली नुसती अडून राहिली आहे. पण त्याच्यावर तुझं कांबळं अर्धवट पडलंय, त्याचं काय करायचं ते सांग."

"माझं कांबळं?"

"मग काय माझं? आईने तुझ्यासाठीच मागावर चढवलं होतं ते. तुला बोलली नाही?"

नाही बोलली. आई सांगणाऱ्यांतली नव्हतीच. धाकटी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी होती, समोर खोकणारं गिऱ्हाईक होतं, ते तिने तसंच ताटकळत ठेवलं. आईच्या हातचं कांबळं सगळ्यांकडे होतं. दादाला लग्नात मिळालं, वहिनीला मिळालं, त्यांच्या पोरांना पाळण्यात मिळालं, इतकंच काय, दादाचा पाय मोडला तेव्हा प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरलाही मिळालं. धाकटी मात्र अठराव्या वर्षी घर सोडून शहरात आली ती दुकानातलं विकतचं ब्लँकेट गुंडाळून. का, ते ती मनाशी पक्कं धरून बसली होती. आईला आपला हात पसंत नाही. ज्या मुलीचं सूत आपल्या मागाला चालत नाही, तिला आपलं कांबळं तरी कशाला, असा तो सरळ हिशेब.

तिने रजा टाकली आणि घरी आली.

कांबळं बरंचसं झालेलं होतं. वीत-दीड वीत विणायचं राहिलं होतं. काळपट तपकिरी, रंग न दिलेली लोकर, वीण इतकी एकसारखी की डोळे फिरावेत. लोकर धुऊन, पिंजून कोपऱ्यातल्या टोपलीत तयार होती, फक्त कातायची राहून गेलेली. आईने कातलेलं सूत संपलं होतं. त्याचं शेवटचं टोक कांबळ्याच्या कडेशी लोंबत होतं. धाकटीने ते बोटांत धरलं आणि ठरवलं, हे कांबळं आपण पुरं करायचं, आणि असं करायचं की आई कुठे थांबली ते कुणाला, अगदी आपल्यालासुद्धा, कळता कामा नये. रात्री पांघरलं की सगळं आईचंच वाटलं पाहिजे.

इतक्या वर्षांनी हात वळेल की नाही, धास्ती होती. पण आईची टकळी बोटांत धरली आणि ती भिरभिरायला लागली. सूत निघालं, बारीक आणि सारखं. धाकटीला स्वतःचंच कौतुक वाटलं, आणि त्या कौतुकामागून लगेच जुनं दुखणं वर आलं. एवढं बरं सूत, मग आईला का चालत नव्हतं?

शिकली होती ती आईकडूनच. दिवस कलला, खिडकीतला उजेड गेला की आई मागावरून उतरायची, खांबाला टेकून बसायची आणि धाकटीला पाटावर समोर बसवायची, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. "माझ्या हाताकडे बघ," म्हणायची. धाकटी बघायची, डोळ्यांत तेल घालून बघायची. अजूनही कुणी विचारलं असतं तर तिने ते हात कागदावर काढून दाखवले असते. आखूड कापलेली नखं, अंगठ्याच्या पेरावरचा पांढरा वण, चिमटीतून सुटणारी लोकर. कातून झालं की आई तिचं सूत दोन बोटांतून ओढून बघायची, "हं" म्हणायची आणि बाजूला ठेवून द्यायची. ते सूत विणण्यासाठी कधीही धोट्यात गेलं नाही. त्याने पोत्यांची तोंडं बांधली जायची. एकदा आठवडाभर खपून कातलेल्या सुताने जुन्या गादीची वळकटी बांधून माळ्यावर चढवलेली तिने पाहिली, आणि त्या दिवसापासून टकळीला हात लावणं सोडलं. आई त्यावरही काही बोलली नाही.

असो. सूत झालं, आता ते जोडायचं. दोन सुतांची नुसती टोकं एकावर एक ठेवून पुढे जाणारे विणकर असतात, गाठ मारून मोकळे होणारेही असतात. जगात काय, सगळं चालतं. या घरात चालत नसे. इथे टोकं विस्कटून, थुंकी लावून, एकमेकांत घालून मांडीवर तळहाताने अशी चोळायची की दोहोंचं एक होऊन जावं. आणि गाठ म्हणजे तर शिवीच. आईला मिटल्या डोळ्यांनी कापडावरून हात फिरवून गाठ सापडायची, आणि सापडली की ती वीतभर वीण उसवायची.

धाकटीने आईचं टोक घेतलं, आपलं घेतलं, विस्कटलं, मांडीवर ठेवून चोळलं. धरल्यासारखं वाटलं. हलकेच ओढलं तर सुटलं. पुन्हा चोळलं, पुन्हा सुटलं. थुंकीऐवजी पाणी लावून बघितलं, मग कोमट पाणी लावून बघितलं. मांडी लाल झाली. दुपार गेली. आईचं टोक कुरतडून कुरतडून आखूड व्हायला लागलं तशी ती घाबरली, कारण ते संपलं की मागचं उसवावं लागणार.

दादा दारात उभा राहून बघत होता. त्याने जन्मात धोटा हातात धरलेला नाही, त्यामुळे त्याच्याकडे सल्ला तयार होता. "मार की गाठ. कोण बघतंय?"

धाकटीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा ठेवायला आत गेला. आतूनच म्हणाला, "मग मावशीला बोलाव. तिला येतं."

मावशी आईची धाकटी बहीण. दोघी एकाच आईच्या हाताखाली शिकलेल्या. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आली, आणि बसमधून उतरल्यापासून जी सुरू झाली ती थांबेचना. बसचा ड्रायव्हर, शेजारी बसलेली बाई, तिची सून, सगळ्यांचा समाचार घेऊन झाला. आई म्हणायची, हिच्या हातातली टकळी एक वेळ थांबेल, तोंडाची थांबायची नाही. पाणी पिऊन, पदराने तोंड पुसून मावशी टेकली.

"हं, कात बघू. काय दिवे लावतेस ते दिसू दे."

हात दाखवून अवलक्षण नको, असं धाकटीला वाटलं. तरी कातायला बसली. मावशी क्षणभर बघत राहिली.

"लिहितेस कुठल्या हाताने?"

"उजव्या."

"जेवतेस?"

"उजव्याच. का?"

"मग टकळी डाव्या हातात कशी गं?"

धाकटीने आपल्या हातांकडे पाहिलं. टकळी डाव्या हातात होती. तिथेच तर असते, असं ती म्हणणार होती, पण शब्द तोंडातच राहिला. मावशी हसायला लागली ती खोकला येईपर्यंत. मग पुढे सरकून तिने आईचं टोक एका चिमटीत आणि धाकटीचं दुसऱ्या चिमटीत धरून उजेडात नेलं.

"हा बघ तिचा पीळ, असा चढतो. आणि हा तुझा, असा. एकमेकांच्या उलट. चोळलंस की एकीचा घट्ट होतो आणि दुसरीचा उलगडतो. जन्मभर चोळत बसलीस तरी धरायचं नाही. समोर बसून शिकलीस ना तू? तिचा उजवा तो तुझा डावा. आरशात बघून वेणी घालावी तसं शिकलीस सगळं." मग दादाकडे वळून म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते ह्या पोरीकडे बघूनच म्हटलं असेल कुणीतरी."

दादा खो खो हसला. धाकटीही हसली, पण तिचं लक्ष हसण्यात नव्हतं.

उजव्या हाताने कातायचा तिने प्रयत्न करून पाहिला. सूत कुठे दोरीएवढं जाड, कुठे केसाएवढं बारीक. "राहू दे," मावशी म्हणाली, "हाताला एकदा वळण लागलं की लागलं. दे इकडे. माझा आणि तिचा पीळ एक. मी कातते, तू विण. कुणाच्या बापाला कळणार नाही."

आणि खरंच कळलं नाही. मावशीचं सूत मांडीवर एकदा चोळताच आईच्या सुतात मिसळलं. धाकटीने ते कांडीवर भरलं, धोटा फेकला, फणी ठोकली. चार बोटं विणून झाली तेव्हा दादाला बोलावून विचारलं, जोड कुठे आहे सांग. त्याने चष्मा लावला, चष्मा काढला, नाक कापडाला लावलं आणि हात टेकले. धाकटीला हवं होतं ते मिळालं होतं. आई कुठे थांबली ते कळत नव्हतं.

मग तिला सुख का वाटेना? दुपारी चहाचे कप हातात घेऊन दोघी खांबाशी बसल्या होत्या. धाकटीच्या मनात सकाळपासून जे घोळत होतं ते बाहेर पडलं.

"मावशी, आईला हे माहीत असणारच."

"काय?"

"माझा पीळ उलटा आहे ते. डोळे मिटून गाठ शोधणारी बाई ती. माझं सूत रोज बोटांतून ओढून बघायची. तिला पहिल्याच दिवशी कळलं असणार. मग बोलली का नाही? एका शब्दाने सांगितलं असतं तर मी हात बदलला असता. मला वाटत राहिलं, माझा हातच वाईट. पोती बांधायच्या लायकीचा. मी घर सोडलं ते त्यामुळे, मावशी. नोकरी-बिकरी सगळं सांगायला होतं."

मावशी गप्प बसली. मावशी गप्प बसते ही काही साधी गोष्ट नाही. दादासुद्धा आतून डोकावून गेला.

"तिला कळलं होतं," मावशी अखेर म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात मीच सांगितलं होतं. म्हटलं, अगं, पोरीला समोर काय बसवतेस? बाजूला घे, खांद्याला खांदा लावून. आपल्याला आपल्या आईने तसंच शिकवलं. हाताशेजारी हात. समोर बसवशील तर उलटं शिकेल ती. तर म्हणाली, उद्या बसवते बाजूला. दुसऱ्या दिवशी बघते तर ये रे माझ्या मागल्या. पुन्हा समोर."

"पण का?"

"तेच विचारलं मी. चिडून विचारलं." मावशीने कप खाली ठेवला. "तर म्हणते कशी, दिवसभर मी खिडकीकडे तोंड करून बसते. पोर माझ्या पाठीमागे वाढतेय. कधी हसते, कधी रुसते, मला काय दिसतं? हा एवढा वेळ काय तो तिचं तोंड बघायला मिळतं. बाजूला बसवली तर तेही गेलं."

धाकटीने आपला कप मावशीच्या कपाशेजारी ठेवला.

"मी म्हटलं, एवढ्यासाठी पोरीचा हात बिघडवतेस? तर हसली नुसती. उद्या बसवते म्हणाली. तिचा उद्या काही उगवला नाही आणि तू मोठी झालीस. वर तुझं असं की चार दिवस कातायचं आणि महिनाभर फुगून बसायचं. एका कांबळ्यापुरतं सूत तुझ्याच्याने कधी झालं नाही. झालं असतं तर ती सगळं तुझ्या सुताचंच विणणार होती, म्हणजे जोडायचा प्रश्नच नाही. मग काय करणार त्या सुताचं? मागावर चढेना, फेकून देववेना. बांधाबांधीला घेतलं."

"पण ती म्हणायची, हाताकडे बघ."

"तुला म्हणायची. तिला कशाला हवं होतं हाताकडे बघायला? झोपेत कातणारी बाई ती."

मावशीने पुढेही बरंच सांगितलं असेल, पण धाकटीच्या कानात ते शिरलं नाही. ती उठली, मागावर जाऊन बसली आणि सकाळची वीण उसवायला लागली. एकेक धागा मागे काढत गेली. मावशी मागून धावत आली.

"अगं, वेड लागलं का तुला? काय केलंय मी असं?"

"काही नाही. तुझं सूत फार छान आहे, मावशी."

"मग?"

"ते आईसारखं आहे. मला माझं घालायचंय."

"तुझं धरणार नाही. आत्ताच सांगितलं ना इतकं?"

"गाठ मारते."

"गाठ?" मावशीचा आवाज चढला. "ह्या मागावर? तिच्या कांबळ्याला? आणि पट्टा दिसेल तो वेगळाच. उलट्या पिळावर उजेड उलटा पडतो. आंधळ्यालाही कळेल इथे दुसरीचा हात लागलाय म्हणून. उद्या लोक मला विचारतील, बहिणीची लेक एवढंसुद्धा शिकली नाही का."

"सांग त्यांना, समोर बसून शिकली."

मावशीने बोटं मोडली, नशिबाला दोष दिला, स्वर्गात बसलेल्या बहिणीला साक्षीला बोलावलं. मग काय वाटलं कोण जाणे, खाली बसून तिने मुकाट्याने धाकटीच्या सुताची कांडी भरायला घेतली.

मावशीच्या सुताने आईचं टोक थोडं पुढे वाढलं होतं, तेवढा भाग धाकटीने तोडून टाकला. उरलं ते आईचं अस्सल टोक, बोटभर. त्याला आपलं टोक लावून तिने गाठ मारली. घरात पिढ्यानपिढ्या कुणी केलं नव्हतं ते ती करत होती, आणि दुसऱ्या कशानेही ती दोन सुतं एकमेकांना धरणार नव्हती. गाठ ओढून बघितली. सुटली नाही. मग धोटा फेकला आणि फणी ठोकली.

मावशीचं खरं ठरलं. चार ओळींतच फरक दिसायला लागला. लोकर तीच, रंग तोच, पण खिडकीतला उजेड आईच्या विणीवर एका अंगाने पडत होता आणि धाकटीच्या विणीवर दुसऱ्या. जिथे आई थांबली तिथे सरळ रेघ उमटली होती. जी दिसू नये म्हणून ती धडपडली होती, तीच ती आता हाताने ठोकून ठोकून पक्की करत होती. दादा दारात आला, कांबळ्याकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं आणि नवल म्हणजे एकही सल्ला न देता परत गेला.

धाकटी रडत होती. मागे बसलेल्या मावशीला फक्त तिची पाठ दिसत होती.

विणता विणता ती आठवायचा प्रयत्न करत होती. त्या संध्याकाळी आईचं तोंड कसं दिसायचं? हसरं असायचं? दमलेलं? आपण फुगून बसायचो तेव्हा ती गालात हसायची का? तिने डोळे मिटून बघितलं. आखूड कापलेली नखं आली. अंगठ्यावरचा वण आला. चिमटीतून सुटणारी लोकर आली, फिरणारी टकळी आली. मनगटांच्या वर काही येईना. हाताकडे बघ, असं आईने सांगितलं होतं आणि ती शहाण्या मुलीसारखी हातांकडेच बघत बसली होती. इतक्या संध्याकाळी गेल्या, तिने एकदाही मान वर केली नव्हती. केली असती तर दिसलं असतं, समोर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली आई तिच्याकडेच बघत होती.